भिंतीबाहेरची मैफल

तिकिटं काढल्याचं तिने त्याला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. ती वेळ तिने मुद्दामच निवडली होती, कारण तोंडाला फेस असताना माणसाला धड भांडता येत नाही.

"दोन काढलीत," ती दाराशी उभी राहून म्हणाली. "एक तुमचं."

त्याने तोंड धुतलं, सावकाश पुसलं आणि मग कितीला पडली ते विचारलं. आकडा ऐकून त्याने मान वर करून बाथरूमच्या छताकडे पाहिलं. तिथला ओलीचा डाग पसरत पसरत दिव्यापर्यंत पोचला होता, पोपडे बादलीत पडत होते, आणि त्याच दुरुस्तीसाठी दोघं कधीपासून पैसे बाजूला टाकत होते. त्या पाहण्याचा अर्थ तिला बरोबर कळला. ती म्हणाली, छत काही लगेच डोक्यात पडत नाही, पण आजोबा पुढच्या वर्षी गाणार नाहीत.

आजोबा म्हणजे तो गायक. सत्तरी ओलांडल्यावर चाहत्यांनी लाडाने ठेवलेलं नाव. हा आपला शेवटचा दौरा, असं त्याने स्वतःच जाहीर केलं होतं, आणि शहराबाहेरच्या मोठ्या स्टेडियममधली सगळी तिकिटं एका सकाळीत संपली होती.

ती कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या ओल्या चादरी गाड्या भरभरून यायच्या, आणि ती त्या एकेक करून इस्त्रीच्या तापलेल्या रुळांच्या तोंडात सरकवायची. लग्नाआधीपासून ती तिथे होती. एका कानात आजोबांचं गाणं आणि दुसऱ्या कानात मशीनची घरघर, अशी तिची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. "मी त्यांना आजवर नीट ऐकलंच नाही हो," ती म्हणायची. "मध्ये ते मशीन गातच असतं."

त्याचं काम अगदी उलटं. तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर शांतता, मान खाली, नजर काचेच्या कडेवर. गर्दी म्हटली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याचं म्हणणं साधं होतं. एवढ्या पैशात घरी झकास स्पीकर येतील आणि दहा वर्षं वाजतील. तिथे गायक दिसणार अंगठ्याएवढा, म्हणजे शेवटी बघायचं पडद्यावरच. मग पडद्यावर बघायला एवढे पैसे आणि एवढे धक्के कशाला?

यावर ती वाद घालत नसे. तिकिटं काढून झाली होती, त्यामुळे वाद घालायची तिला गरजच नव्हती, आणि हेच त्याला जास्त लागलं. पुढचे काही आठवडे घरात भांडण असं झालं नाही, पण जेवताना दोघांच्या मध्ये तो विषय पाण्याच्या तांब्यासारखा ठेवलेला असे.

कार्यक्रमाच्या आधीच्या पंधरवड्यात ती कारखान्याच्या ओल्या फरशीवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्याखाली प्लास्टर आलं. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तो तिचा हात धरून होता, तिच्या वेदनेने त्याचाही जीव कळवळत होता. पण मनात कुठेतरी एक सुटकेचा श्वासही होता, आणि तो त्याच्या तोंडावर तिला दिसला असावा. कारण प्लास्टर घालून होताच ती पहिलं वाक्य हेच बोलली, "मी जाणार आहे."

तिकिटं परत घेत नाहीत असं आयोजकांनी कळवलं. पण मैदानाच्या कडेला चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी कठडा लावलेला लाकडी चौथरा होता, तिथे जागा बदलून दिली. डॉक्टरांनी जाऊ नका असंच सांगितलं होतं. तिने डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि खुर्ची भाड्याने आणली.

त्या संध्याकाळी खुर्ची ढकलत तो स्टेडियमच्या आत शिरला तेव्हा अजून उजेड होता. बाहेरच्या डांबरी पटांगणातून एक रुंद उतार बसायच्या जागांखालून बोगद्यासारखा आत जायचा आणि मैदानात उघडायचा. चौथरा त्या बोगद्याच्या तोंडाशीच होता. शेजारी छातीएवढी भिंत आणि तिच्यापलीकडे मैदानापासून पटांगणापर्यंत लांबलेली प्रथमोपचाराची खोली होती. जागा त्याने नजरेने मोजून घेतली. बाहेर पडायचा रस्ता जवळ आहे एवढं समाधान मानलं आणि तिच्या खुर्चीचे ब्रेक लावले.

ती नटून आली होती. प्लास्टरवरून येईल असा घोळदार घागरा, कानात लांब डूल. समोरचं माणसांनी भरलेलं मैदान बघताना ती हातातली पर्स उगाचच उघडत-मिटत होती.

"बघा तरी," ती म्हणाली.

"बघतोय," तो म्हणाला. तो बोगद्याकडे बघत होता. तिथून माणसं येतच होती, आणि आत आलेली पुढे सरकत नव्हती.

आधी कोणीतरी नवखी पोरं वाजवून गेली. मग दिवे मंद झाले आणि वारा सुटला. आधी त्याचं कोणाला काही वाटलं नाही. लोकांनी केस सावरले, हसले. मग मंचाच्या बाजूला लावलेला भलामोठा कापडी फलक एका कोपऱ्यातून सुटला आणि शिडासारखा फडफडायला लागला. दिव्यांचा उंच मनोरा हलताना त्याला स्पष्ट दिसला. वर काहीतरी मोठ्याने फुटलं, ठिणग्या पडल्या आणि मैदानाचा तो कोपरा अंधारला. कोणीतरी ओरडलं, की मनोरा पडतोय.

मनोरा पडला नाही. पण ते कळायला कोणी थांबलं नाही. मैदानाची ती सगळी बाजू एकदम वळली आणि बोगद्याकडे धावली, आणि बोगद्याच्या तोंडाशी चौथरा होता.

त्याने ब्रेक सोडले, खुर्ची मागे ओढली आणि भिंतीला टेकवली. चौथऱ्याचा कठडा मोडल्याचा आवाज आला. तो खुर्चीच्या समोर आला, गर्दीकडे पाठ केली, दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दोन बाजूंना भिंतीवर टेकले आणि कोपरं ताठ केली. पाठीवर आधी एक माणूस आला, मग दहा. कोणी मुद्दाम ढकलत नव्हतं, सगळ्यांनाच मागून ढकललं जात होतं. त्याची कोपरं वाकायला लागली. तिचा चेहरा त्याच्या छातीखाली होता आणि ती हळू आवाजात एकच म्हणत होती, "पाय. अहो, पाय."

त्याला श्वास बाहेर सोडता येत होता, आत घेता येत नव्हता. तेवढ्यात भिंतीपलीकडून हात आले. पिवळ्या जाकिटातल्या दोन बाया भिंतीवर पोटावर ओणवून तिच्या काखेत हात घालत होत्या. त्यातली एक त्याला म्हणाली, "खालून उचला. आत्ता." त्याने एक हात भिंतीवरून काढला. तो काढताच त्याची छाती खुर्चीच्या हातावर आदळली. पण त्याने प्लास्टरखाली हात घातला आणि होतं नव्हतं ते बळ लावून वर रेटलं. ती किंचाळली. तिचा घागरा भिंतीवरून सरकत गेलेला त्याने पाहिला, आणि त्याच क्षणी कोणाचं तरी कोपर तोंडावर बसून त्याचा चष्मा गेला.

मग त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. हे त्याने नंतर कितीदा सांगूनही कोणाला पटायचं नाही, पण तो चालत नव्हता, पळत नव्हता, वाहत होता. बोगद्याचं छत डोक्यावरून मागे जात होतं आणि तो उभ्याचा उभा बाहेर नेला जात होता. पटांगणात गर्दी सैल झाली तेव्हा तो गुडघ्यांवर पडला.

उठून तो आधी उलट फिरला. पण बोगद्याच्या तोंडाशी रक्षकांनी लोखंडी अडसर लावायला सुरुवात केली होती. आत माझी बायको आहे, पायाला प्लास्टर आहे, त्याने सांगितलं. रक्षक तरुण होता आणि घाबरलेला होता. बोगदा मोकळा होईपर्यंत कोणालाच आत सोडायचं नाही असा हुकूम आहे, म्हणाला. तिकीट दाखवा, दुसऱ्या दाराने बघतो, असंही म्हणाला. तिकिटं तिच्या फोनमध्ये होती. त्याच्या फोनवरून तिला फोन लागत नव्हता. सगळं पटांगण एकाच वेळी फोन लावत होतं.

चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरापलीकडचं सगळं विरघळल्यासारखं दिसायचं. स्टेडियमच्या भिंतीत पिवळ्या उजेडाचे चौकोन होते, त्या खिडक्या असाव्यात. त्याने त्या एकेक करून निरखल्या. उजेडात काहीतरी हलत होतं, पण ते माणूस होतं की पडदा, हे त्याला कळेना. भिंतीपलीकडून तिला उचलून गाड्यांकडे आणलं असेल, असं वाटून तो वळला आणि रुग्णवाहिकांकडे गेला.

तिथे डांबरावर माणसं निजवली होती. अंगावर करड्या चादरी. त्याला चेहरे दिसत नव्हते म्हणून तो प्रत्येकाजवळ खाली बसून, वाकून, अगदी श्वास लागेल इतकं जवळ जाऊन बघू लागला. एक मुलगी छाती धरून कण्हत होती. एका माणसाचा बूट गेला होता आणि तो बुटाबद्दलच बोलत होता. एका बाईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. त्याने ती चादर उचलली. बाईने डोळे उघडले आणि डोळ्यांवर उजेड येतोय म्हणून चादर परत ओढून घेतली. तो तिथेच बसून राहिला.

स्ट्रेचर धरणाऱ्या एका बाईने त्याला उठवलं. कोणी गेलेलं नाही, ती म्हणाली, कोणाच्या बरगड्या दुखावल्यात, कोणाला चक्कर आलीय, बाकी काही नाही. तुमच्या बाई कशा दिसतात? त्याने सांगितलं. प्लास्टर हा शब्द ऐकून ती थबकली.

"प्लास्टरवाल्या एकांना आत्ताच नेलं. शुद्धीत नव्हत्या."

"पायाला की हाताला?"

ते तिला आठवेना. गाडी निघून गेली होती. कुठल्या दवाखान्यात, तेही नक्की नव्हतं. त्याने उरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं आणि त्याच्या खिडकीच्या काठाला धरून उभा राहिला. ड्रायव्हरने वायरलेसवर विचारलं. उत्तर येईना. पुन्हा विचारलं. नुसती खरखर.

आणि तेव्हा आत गाणं सुरू झालं.

आधी टाळ्यांचा प्रचंड आवाज आला, भिंती ओलांडून. मग एक म्हातारा, किंचित चिरका आवाज, आणि मग त्याच्यामागून हजारो आवाज. त्याने ओळखलं, हे गाणं ती भांडी घासताना म्हणायची. त्याला ते सहन होईना. आत माणसं गात होती. बाहेर माणसं जमिनीवर पडली होती, आणि आतली माणसं गात होती. ज्यांनी हे पुन्हा सुरू करायचं ठरवलं त्यांना, त्या आजोबांना, तिकिटांना आणि ती काढल्याचं कळलं तेव्हा दाढी करत बसलेल्या स्वतःला, सगळ्यांना त्याने मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"हात," ड्रायव्हर म्हणाला. "कोपरापासून खाली प्लास्टर होतं. तुमच्या नव्हेत."

त्याच्या जिवात जीव आला असं म्हणावं, तर तेही खरं नाही. ती तिथे नव्हती, एवढंच कळलं होतं. ती कुठे होती हे अजूनही कोणी सांगत नव्हतं. तो अडसराशी परत आला, तिथे उभा राहिला, आणि गाण्यामागून गाणं ऐकत राहिला, कारण कान मिटता येत नाहीत.

शेवटी दारं उघडली. लोक बाहेर यायला लागले, घामेजलेले, हसणारे, गळ्यात गळे घातलेले. तो त्या लोंढ्याच्या विरुद्ध भिंतीला धरून आत सरकू लागला. पण बोगद्याच्या मध्यावरच पिवळ्या जाकिटातली एक बाई चाकाची खुर्ची ढकलत येताना दिसली. खुर्ची दुसरीच होती. अगदी जवळ आल्यावर कळलं, त्यात ती होती. तिचे केस विस्कटले होते, एक डूल गेला होता, प्लास्टर टाचेजवळ तडकलं होतं, आणि चेहरा असा उजळला होता की क्षणभर त्याला ती ओळखूच आली नाही.

"ऐकलंत ना?" तिने विचारलं. तिचा आवाज पार बसला होता.

पिवळ्या जाकिटातल्या बाईचे त्याने आभार मानले, खुर्ची हातात घेतली आणि गाडीपर्यंत ढकलत नेली. तिला उचलून मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. पुढच्या कप्प्यातून जुना, ओरखडे पडलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. त्याने इंजिन बंद केलं.

"रागावलात," ती म्हणाली.

"मी तुला चादरींखाली शोधत होतो."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं, समोर बघत, सपाट आवाजात. ती बाई, ती चादर, प्लास्टर, वायरलेस. सांगता सांगता त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"पण मी तुम्हाला हात केला," ती म्हणाली. "त्या खोलीला पटांगणाकडे खिडकी होती. तुम्ही उभे दिसलात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दोन्ही हात हलवले. तुम्ही सरळ माझ्याकडे पाहिलंत. आणि वळून निघून गेलात."

"माझा चष्मा गेला होता."

तिने तोंडावर हात ठेवला.

"मला वाटलं, रागाने पाठ फिरवलीत," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, फिरवा. त्या बाईला सांगितलं, बाहेर निरोप द्या की मी बरी आहे. ती हो म्हणाली. मग मी तिला म्हटलं, मला मैदानाकडच्या दाराशी बसवा."

निरोप आलाच नाही, हे त्याने सांगितलं नाही. तिला ते आता कळलंच होतं.

"तू मजेत ऐकलंस," तो म्हणाला. त्याला ते विचारायचं होतं, पण शब्द आरोपासारखे बाहेर पडले.

थापा मारणं तिला सोपं होतं. तुमच्याच काळजीत होते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि त्याने विश्वास ठेवला असता.

"पहिली दोन रागातच ऐकली," ती म्हणाली. "तुमच्याशी भांडत. तिसऱ्याला तुम्हाला विसरले."

"विसरलीस."

"अगदी. तुम्ही नव्हतात, पाय दुखत नव्हता, उद्याचं काही नव्हतं. समोर तो म्हातारा, आणि मी. मला माहीतच नव्हतं की असं होतं. खोटं का बोलू?"

ते त्याला लागलं. खोल लागलं. आपण ज्या वेळी एकेका तोंडावर वाकत होतो, नेमक्या त्याच वेळी. तो काहीतरी कडू बोलणार होता, शब्द ओठांवर आले होते. पण त्याला वाटलं, ही बाई आजवर कधी काही विसरल्याचं आपण पाहिलेलं नाही. त्याच्या आईच्या गोळ्या, वीजबिल, दुकानाची किल्ली तो कुठे ठेवतो ते, शेजारणीचं ऑपरेशन. झोपेतसुद्धा ती कुठल्यातरी चादरी मोजत असते. आज थोडा वेळ तिने सगळं खाली ठेवलं, त्याच्यासकट. ते बरं झालं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि दोन्ही खरं होतं.

"तिसरं कुठलं होतं?" त्याने विचारलं.

तिने बसलेल्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवल्या. सूर निघत नव्हता, नुसती हवा.

"हे मला बाहेर ऐकू आलं," तो म्हणाला. "तेव्हा मला तो आवाज नकोसा झाला होता."

मागून तिचा हात आला आणि त्याच्या खांद्यावर राहिला. पुढची गाडी हलली, मागच्याने हॉर्न दिला, तरी थोडा वेळ त्याने चावी फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तडकलेलं प्लास्टर पाहून कपाळाला हात लावला. हाड सरकलं नव्हतं, ते नशीब. पण सगळं कापून नव्याने घालावं लागणार होतं, आणि कामावर जायचा दिवस पुढे गेला होता. कापायची करवत सुरू करता करता त्यांनी तिला फैलावर घेतलं, आणि शेवटी न राहवून विचारलं, की एवढे पैसे, एवढा जीव धोक्यात घालून ते गाणं ऐकलंत, ते त्या लायकीचं तरी होतं का?

तिने नवऱ्याकडे पाहिलं; तो काय म्हणेल याची तिला धास्ती वाटत होती, आणि ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मला नका विचारू, डॉक्टर," तो म्हणाला. "मी बाहेर होतो. ते हिलाच माहीत."

करवतीचा आवाज वाढला तशी तिने डोळे घट्ट मिटले. त्याने आपला हात पुढे केला, आणि तिने तो बोटं दुखतील इतका आवळून धरला.